लुआने याकला सोडलं त्याची गोष्ट

कॉलेजात कंपायलरचं सबमिशन म्हणजे लेक्स आणि याक, एवढंच समीकरण डोक्यात बसलेलं. व्याकरण लिहा, टूल चालवा, पार्सर तयार. ऑफिसात नियम लिहायची एक छोटी भाषा करायची वेळ आली तेव्हा मी तेच केलं. युजर कंस विसरला की आमचा प्रोग्रॅम नुसतं 'सिंटॅक्स एरर' म्हणून गप्प! कुठे, काय, पत्ता नाही. वैतागून लुआचा सोर्स वाचायला घेतला.

लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. (आधी तिथे 'सोल' नावाची भाषा होती, म्हणजे सूर्य.) १९९३ साली रिओच्या पीयूसी विद्यापीठातल्या टेकग्राफमध्ये रोबेर्तो इरुसालिमस्की, लुईस एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती बनवली. गिऱ्हाईक होतं पेट्रोब्रास, ब्राझीलची तेल कंपनी.

पहिल्या लुआतही लेक्स-याकच होतं, अगदी आमच्या जर्नलसारखं. पण लोक लुआत डेटाही लिहायला लागले, ग्राफिक्सच्या अवाढव्य फायली. अशी फाईल एकदाच चालते, त्यामुळे ती वाचायला लागणारा वेळ हाच खरा वेळ. म्हणून आधी स्कॅनर हाताने लिहिला गेला आणि दशक संपायच्या आत याकही गेलं. त्या जागी रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर आला: ढोबळमानाने व्याकरणाच्या एकेका नियमाला सीमधलं एकेक फंक्शन. लहान, वेगवान, आणि एररही नीट सांगणारा.

गंमत म्हणजे हा पार्सर सिंटॅक्स ट्री बांधतच नाही. वाचता वाचता थेट बाइटकोड. २००३ च्या ५.० मध्ये स्टॅक मशीन जाऊन रजिस्टर मशीन आलं, तेव्हा हे जास्त अवघड झालं असणार. 'अ = अ + ब' ला, दोन्ही लोकल असताना, स्टॅकवर चार सूचना लागायच्या: दोन उचला, बेरीज करा, परत ठेवा. रजिस्टरवर एकच. पण ट्री नसताना ते जमवायचं कसं? तर 'अ' दिसला की लगेच कोड टाकायचा नाही, 'हा अमुक रजिस्टरमध्ये आहे' एवढी नोंद ठेवायची. 'ब' आला की मग सूचना. आळशीपणाच, पण हुशार आळशीपणा.

किंमतही आहेच. मागेपुढे बघून करायचं ऑप्टिमायझेशन फारसं होत नाही, आणि एका फंक्शनात लोकल २०० पर्यंतच. मला चालेल.

मागच्या शनिवारी माझ्या भाषेतलं याक काढलं. आता कंस विसरला की ओळ नंबर येतो.