घाटवाटा आणि फटफटी

रविवारीं पहाटे, पुरतें उजाडण्यापूर्वींच, कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर फटफटींचे आवाज सुरू होतात. चारसहा मित्रांचा मेळा, पाठीला एकेक पिशवी, डोक्याला शिरस्त्राण. मुरबाड मागें पडतें. सरळगांव, टोकावडें, वैशाखरें हीं गांवें येतात आणि जातात. मग समोर सह्याद्रीची काळी भिंत उभी राहते आणि माळशेजचा घाट सुरू होतो. तिकडे शहापूर तालुक्यांत, आग्रा रस्त्यावर, असाच दुसरा मेळा आसनगांव, खर्डी मागें टाकीत कसाऱ्याच्या घाटाकडे निघालेला असतो. या मंडळींचें वर कांहीं काम नसतें. वर जावयाचें, चहा घ्यावयाचा, दरीकडे पाहत थोडा वेळ उभें राहावयाचें आणि दुपारच्या आंत परत फिरावयाचें. वर पोंचणें हाहि त्यांचा खरा हेतु नव्हे. त्यांना हवीं असतात तीं वाटेंतलीं वळणें.

वळणांच्या हौसेनें घाट चढणारा माणूस ही सह्याद्रीच्या इतिहासांत अगदीं अलीकडची गोष्ट आहे. दोन हजार वर्षें या डोंगरावरून माणसें चढलीं आणि उतरलीं. कोणी ओझ्याखालीं, कोणी हुकुमाखालीं, कोणी जिवाच्या भीतीनें. घाट ही तोंपर्यंत सोसावयाची वस्तु होती. ती हौसेची वस्तु केव्हां व कशी झाली, हें पाहण्यासारखें आहे.

वैशाखऱ्याच्या अलीकडेपलीकडे मान वर केली कीं नाणेघाटाची खिंड दिसते. कल्याण आणि सोपारा हीं बंदरें जुन्नरशीं आणि त्यापुढें पैठणशीं जोडणारी ही सातवाहनांची वाट. खिंडीच्या तोंडाशीं कोरलेल्या लेण्यांत राणी नागनिकेचा प्राकृत लेख ब्राह्मी अक्षरांत आहे. बहुतेक अभ्यासक तो ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतला मानतात. राजानें केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आंकडे त्यांत दिले आहेत. भारतांत संख्याचिन्हें वापरल्याच्या अगदीं जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. त्याच लेण्यांत सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादिकांच्या मूर्ति होत्या. आज त्यांचीं पावलें तेवढीं उरलीं आहेत आणि वर कोरलेलीं नांवें. राजघराण्यानें आपल्या मूर्ति एखाद्या राजधानींत न बसवितां डोंगराच्या खिंडींत बसविल्या, याचें कारण उघड आहे. जगाची ये-जा तेथून होती. खिंडीच्या माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असें परंपरा सांगते.

एका ग्रीक खलाशानें ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या समुद्रप्रवासवर्णनांत कल्याणचें नांव आहे. पूर्वीं हें बंदर व्यापारास खुलें होतें, पुढें सत्ता पालटली आणि तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यानिशीं भडोचकडे नेण्यांत येऊं लागलीं, असें तो सांगतो. बंदर कोणाच्या हातीं आहे यावर घाटाचें भाग्य ठरत असे. वर चढणाऱ्या बैलाला मात्र त्याचा फारसा फरक पडला नसावा.

वैशाखऱ्याकडून नाणेघाटानें वर जावयाचें तर आजहि दगडी पायऱ्यांनीं पायींच जावें लागतें. फटफटी घेऊन रांजणाशीं पोंचावयाचें असेल तर माळशेज चढून, जुन्नरच्या अंगानें मोठा वळसा घेऊन घाटघरावरून यावें लागतें. लादलेला बैल जेथें नीट समोरून चढत असे, तेथें यंत्रावर बसलेल्या माणसाला मागच्या दारानें प्रवेश मिळतो!

मध्ययुगांत या वाटांचें महत्त्व लष्करी झालें. शहापूरजवळचा माहुलीचा किल्ला थळघाटाच्या पायथ्याच्या मुलुखावर नजर ठेवून आहे. निजामशाहीचा शेवटचा वारस घेऊन शहाजीराजे याच किल्ल्यांत मोंगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजांशीं झुंजले, आणि १६३६ सालीं तेथेंच त्यांना तह पत्करावा लागला. निजामशाही संपली ती या तालुक्यांत. शांततेच्या दिवसांत मात्र घाटांवर राज्य होतें तें वंजाऱ्यांच्या तांड्यांचें. कोंकणांतलें मीठ वर चढे आणि देशावरचें धान्य खालीं उतरे. वाटेच्या पहाऱ्यावर महादेव कोळी नाईक असत. पुढें इंग्रजी अमलांत याच कोळ्यांतील राघोजी भांगरे यानें बंड केलें, तेव्हां घाटमाथ्याच्या रानांनीं त्याला बराच काळ लपविलें. २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याला फांशीं देण्यांत आलें.

इंग्रजांनीं घाटांत आणलेली नवी गोष्ट म्हणजे चाक. बैलाच्या पाठीवर गोणी असेतों वाट कितीहि उभी असली तरी चाले. गाडी जुंपली कीं चढ मवाळ करावा लागतो. पुण्याच्या वाटेवरील बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यानें खुला केला. मुंबई-आग्रा रस्त्यावरील थळघाट, म्हणजेच कसाऱ्याचा घाट, त्याच शतकांत गाडीजोगा झाला. माळशेजला मोटारीचा रस्ता मिळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. सह्याद्रीचा कोंकणाकडील उतार हा लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला ताशीव कडा. त्यावरून सरळ रस्ता नेणें शक्य नाहीं. म्हणून इंजिनियर डोंगराच्या सोंडेबरोबर रस्ता बाहेर काढतो, घळींत आंत वळवितो, आणि जेथें जागा संपते तेथें तो उलटा फिरवून पुन्हां वर नेतो. गाडीच्या बैलाचा दम पुरावा एवढाच त्या वळणांचा मूळचा अर्थ. रविवारचा फटफटीवाला ज्या वळणावर जीव टाकतो, तें कोणा अज्ञात बैलाच्या सोयीसाठीं काढलेलें आहे.

रेल्वेची कथा याहून कठीण. जी. आय. पी. रेल्वे १ जानेवारी १८६१ रोजीं कसाऱ्यापर्यंत आली, आणि तेथून इगतपुरीपर्यंतची चढण पार करावयास तिला आणखी चार वर्षें लागलीं. १ जानेवारी १८६५ रोजीं हा मार्ग खुला झाला. नऊ मैलांहून थोड्या अधिक अंतरांत ९७२ फूट चढ, तेरा बोगदे, सहा मोठे पूल. आणि सर्वांत कठीण जागीं दर ३७ फुटांस एक फूट अशी चढण. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली काम पुरें होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, वारला. त्याचें नांव इतिहासांत राहिलें. दोरीला लोंबकळून कड्यावर सुरुंग ठासणारे, पटकीनें आणि हिंवतापानें मेलेले मजूर किती व कोण, हें कोणी कोरून ठेवलें नाहीं. नाणेघाटांत दान दिलेल्या गाईंची देखील मोजदाद आहे. कसाऱ्यास आजहि गाडीला मागून जास्तीचीं इंजिनें लावावीं लागतात; तीं वर रेटून इगतपुरीस सुटीं होतात.

मुरबाडच्या डोंगरांत आणखी एक स्मृति आहे आणि ती रविवारच्या प्रवाशांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असते. १९४२ च्या लढ्यांत विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्यांचा पुरवठा तोडणारे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे सिद्धगडाच्या रानांत राहत होते. २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे पोलिसांनीं त्यांना तेथें गांठलें व दोघांना गोळ्या लागून मरण आलें. दर वर्षीं त्या दिवशीं सिद्धगडावर लोक जमतात.

आतां हौसेकडे वळूं. हौसेनें घाट चढावयास रस्त्याखेरीज दोन गोष्टी लागतात: मोकळा दिवस आणि स्वतःचें वाहन. मोकळा दिवस मुंबईला सहजासहजीं मिळालेला नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांची संघटना उभी करून वर्षानुवर्षें मागणी लावून धरली, तेव्हां १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. सरकारी कचेरींतल्या साहेबाचा रविवार त्यापूर्वीं होताच. पण मजुराचा रविवार हा झगडून घेतलेला आहे. आज माळशेजच्या वाटेवर भेटणाऱ्या तरुणांत गिरणगांवच्या चाळींतल्या कुटुंबांचीं नातवंडें पुष्कळ सांपडतील. आजोबांनीं मिळविलेला दिवस नातू घाटांत घालवितो, यांत वावगें कांहीं नाहीं.

वाहनाचें तसेंच. १८८५ सालीं जर्मनींत डाइम्लरनें पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी बनविली. ती आपल्याकडे आली तरी फार काळ साहेब, संस्थानिक आणि लष्करी निरोप्ये यांच्यापुरतीच राहिली. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्डची बुलेट तयार होऊं लागली, १९६१ पासून म्हैसुरास जावा. पण मध्यम स्थितींतल्या घरीं दुचाकी ही बाजारहाटाची आणि कचेरीची वस्तु होती. तिच्यासाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहावी लागे. असल्या जपून वापरावयाच्या वस्तूवर बसून नुसत्या वळणांसाठीं घाट चढणें, हें घरच्या वडीलधाऱ्यांस पटलें नसतें! ऐंशीच्या दशकाच्या मध्यास जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या निघाल्या आणि चित्र पालटलें. २००१ सालीं घाटाच्या वरच्या अंगास, पुणें जिल्ह्यांतील चाकणला बनणारी पल्सर बाजारांत आली. पहिल्या पगारावर हप्ते बांधून गाडी घेणारा मुलगा, हा त्यानंतरच्या दोन दशकांतला घाटांतला खरा प्रवासी.

त्याला वळणांत नेमकें काय मिळतें? चारचाकी गाडी वळतांना माणसाला बाहेर फेंकूं पाहते. दुचाकी वळतांना माणूस तिच्यासह आंत झुकतो. वेग, वळणाची त्रिज्या आणि झुकण्याचा कोन यांचा मेळ शरीरानें साधावयाचा असतो, हिशेबानें नव्हे. जाणता स्वार वेग वळणापूर्वींच उतरवितो, नजर पुढच्या चाकावर न ठेवतां वळण जेथें सुटतें तेथें ठेवतो, आणि वळणाच्या मध्यावर ब्रेकला हात लावीत नाहीं. मेळा असेल तर सर्वांत नवख्याला मध्यें ठेवण्याची चाल आहे, म्हणजे तो मागें पडत नाहीं व त्याला कोणाशीं शर्यत करावी लागत नाहीं. अरुंद घाटांत चढणाऱ्याला आधीं वाट द्यावी, असा मोटार कायद्याखालील नियमहि आहे. उतरणाऱ्याला थांबणें सोपें, चढणाऱ्याला पुन्हां सुरुवात करणें कठीण. हा नियम लेखी होण्यापूर्वीं गाडीवानांनींहि तो बैलांच्या हितासाठींच पाळला असेल.

पावसाळ्यांत माळशेज सर्वांत सुंदर आणि सर्वांत वाईट. धबधबे रस्त्यावरच कोसळतात, धुकें इतकें दाटतें कीं पुढच्या गाडीचा तांबडा दिवाहि दिसत नाहीं, शेवाळ आणि सांडलेलें तेल यांनीं वळण निसरडें होतें, आणि वरून दरड केव्हां सुटेल याचा नेम नसतो. नेमक्या याच दिवसांत गर्दी उसळते. अलीकडच्या वर्षांत मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या धबधब्यांच्या जागीं पावसाळ्यांत मनाईचे हुकूम काढण्याची पाळी सरकारवर पुष्कळदां आली आहे. हुकुमावर तरुण मंडळी रागावतात. परंतु दरींत उतरून माणूस वर काढावयाचा असतो तेव्हां दोर घेऊन उतरतो तो त्या गांवचा ठाकूर किंवा कोळी, हें रागावणारानें लक्षांत घ्यावें.

या गांवांकडे प्रवाशाची पाठच अधिक असते. तानसा धरण १८९२ सालचें. वैतरणेचें व भातसेचें पाणी पुढें आलें. हीं सर्व जलाशयें शहापूर तालुक्याशीं जोडलेलीं आहेत आणि मुंबई तें पाणी पिते. त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर येतो. मार्च-एप्रिलमध्यें कसाऱ्याकडे जाणाऱ्या फटफटीला डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग आडवी जाते. प्रवासी सौजन्यानें थांबतो, हॉर्न वाजवीत नाहीं. आणि मग पिशवींतली बाटली काढून पाणी पितो.

५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरी आणि कसारा यांच्यामध्यें डोंगराच्या पोटांतून सुमारें ८ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे काढले आहेत. घाटाची चढण त्यांनीं टळते. वळण म्हणून कांहीं राहत नाहीं. या महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. वेळ वांचवावयाचा असेल त्या मोटारीनें आणि मालमोटारीनें खालून जावें. फटफटीनें मात्र पूर्वींप्रमाणेंच जुन्या वाटेनें, घाटनदेवीच्या देवळाकडे, वळणें घेत चढावें.