रक्तातला गुन्हा

कमी खर्चाच्या गुन्हेगारीपटांना दरोडेखोर कुटुंबाचे मोठे वेड. रॉजर कॉर्मन यांच्या ‘ब्लडी मामा’त (१९७०) मा बार्कर ही आईच मुलांच्या टोळीची म्होरकी दाखविली आहे. १९३५ साली ती केंद्रीय पोलिसांच्या गोळीबारात मेली. परंतु ती म्होरकी होती, हे साथीदार आल्विन कार्पिसने साफ नाकारले.

आपल्याकडे ही कल्पना पडद्याआधी कायद्यात शिरली. १८७१ च्या कायद्याखाली अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आल्या. राज कपूरच्या ‘आवारा’ने १९५१ साली ‘चोराचा मुलगा चोरच’ या समजुतीला आव्हान दिले. १९५२ साली कायदा रद्द झाला. संशय मात्र उरला. मराठवाड्याच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) त्याचीच साक्ष देते. तेव्हा पडद्यावर गुन्हेगार घराणे दिसले, की आपण आधी पुरावा मागावा.