समुद्राचे मुद्दल

कोकणातले कोळी ज्यांना कुपा, गेदर म्हणतात, ते मासे ट्यूनाच्या घराण्यातले. हे घराणे मोठे भटके. त्याला ना गाव, ना सरहद्द. म्हणूनच त्याच्या रक्षणाचा प्रश्न कोणा एका देशाचा राहत नाही. पूर्व पॅसिफिक महासागरात तो कसा हाताळला गेला, याची हकिकत दिवाळीच्या वहीपूजनाला शोभेल अशी आहे. कारण तिची सुरुवात वह्यांपासूनच होते.

१९४९ साली अमेरिका आणि कोस्टा रिका यांनी करार करून ट्यूना आयोग स्थापन केला. मिल्नर शेफर हे शास्त्रज्ञ त्याच्या संशोधनाचे प्रमुख झाले. पाण्यातले मासे मोजायचे कसे? आयोगाने तांडेलांच्या नोंदवह्या मागवल्या. कोणत्या दिवशी, कोठे, किती टन मासळी मिळाली, हे त्यांत लिहिलेले असे. दिवसभराच्या कष्टाला पूर्वीपेक्षा कमी मासळी पडू लागली, की साठा विरळ होत चालला असे समजावे.

१९५४ साली शेफर यांनी यावरून गणित मांडले. मी वर्गात व्याजाचे उदाहरण फळ्यावर घालतो, तेव्हा मला ते हटकून आठवते. समुद्र माशांनी भरलेला असला, तर अन्न पुरत नाही. जन्म आणि मरण सारखेच होतात, वाढ शून्य. मासे फारच थोडे उरले, तर वाढणार कोण? भरल्या साठ्याच्या निम्म्याच्या आसपास वाढ सर्वांत जास्त. तेवढे व्याज घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये!

परंतु पुढे नायलॉनची वेढा घालणारी पर्ससीन जाळी आणि ती ओढणारी यंत्रे आली. मासळी झपाट्याने उपसली जाऊ लागली. अखेर १९६६ पासून पिवळ्या पराच्या ट्यूनाला वर्षाची मर्यादा घातली गेली.

आणि तेथेच दुसरे संकट उभे होते. त्या समुद्रात हा ट्यूना डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. तांडेल डॉल्फिन पाहून वेढा घालीत. श्वासासाठी वर येऊ न शकलेले ते बिचारे जाळ्यात गुदमरत. १९६० च्या दशकात ते दरसाल लाखांनी मेले. उपाय काढला तोही मच्छीमारांनीच. बोट मागे घेऊन जाळ्याची कड बुडवायची, म्हणजे डॉल्फिन निसटतात. आणि त्या जागी बारीक आसाचे जाळे लावायचे, म्हणजे त्यांची तोंडे अडकत नाहीत. पुढे बोटींवर निरीक्षक बसले, १९९२ साली देशादेशांत करार झाला. १९८६ मध्ये सुमारे १,३३,००० डॉल्फिन मेले होते. १९९३ मध्ये ४,००० हून कमी.

तथापि हिशेब येथे मिटला नाही. डॉल्फिन सोडून तरंगत्या ओंडक्यांभोवती जाळे टाकले, तर ट्यूनाची पोरसवदा पिल्ले आणि शार्क अडकतात. एकाला वाचवताना दुसऱ्याचा जीव जातो. कोणता तोटा पत्करायचा, हे नुसते गणित सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते.

आजही आयोग मोठ्या पर्ससीन बोटींना दरसाल काही आठवडे मासेमारी बंद ठेवायला लावतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या आपल्या कोळ्यांना यात नवल वाटायचे नाही.