टायमिंग ‘ॲडव्हान्स’ केलं की पिकअप वाढतो? आधी इंजिन कसलं आहे ते बघा!

टर्बो पेट्रोल गाड्या आता खेडोपाडीही दिसू लागल्या आहेत. त्यासोबत ‘टायमिंग ॲडव्हान्स करून घे, गाडी पळते’ असा सल्लाही फिरतो. पण सगळ्या इंजिनांना एकच टायमिंग चालत नाही. चुकलं तर थेट पिस्टनवर बेततं.

टायमिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला पोहोचायच्या थोडं आधीच प्लगची ठिणगी पडते. कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम पेटत नाही, जाळ पसरायला वेळ लागतो. पिस्टन वरून खाली वळून क्रँक साधारण १२ ते १५ अंश फिरला की दाब सर्वात जास्त हवा, असा हिशोब असतो. ठिणगी लवकर पाडणं म्हणजे ॲडव्हान्स, उशिरा पाडणं म्हणजे रिटार्ड. डिझेल ट्रॅक्टरला ठिणगीच नसते, तिथं टायमिंग असतं ते डिझेल फवारण्याचं.

टायमिंग कशावर ठरतं?

१) आरपीएम : १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ९००० ला ५४ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी लवकर लागते. १९९९ साली आलेल्या होंडा एस२००० चं टर्बो नसलेलं इंजिन ९००० पर्यंत फिरायचं. मात्र वेगासोबत आत हवा घुसळते, जाळही लवकर पसरतो. त्यामुळं ॲडव्हान्स नऊपट करावा लागत नाही.

२) कॉम्प्रेशन : मिश्रण जास्त दाबलं तर ते लवकर जळतं आणि तापतंही. अशा इंजिनाला ॲडव्हान्स कमी पुरतो.

३) टर्बो : टर्बो जादा हवा कोंबतो, त्यामुळं दाब आणि उष्णता वाढते. पूर्ण बूस्टवर टायमिंग रिटार्ड करावंच लागतं.

४) सिलिंडरची रुंदी आणि प्लग : सिलिंडर रुंद असेल तर जाळाला लांब जावं लागतं. २००३ च्या बजाज पल्सर डीटीएस-आय मध्ये दोन प्लग दिले ते याचसाठी. जाळ दोन्हीकडून पसरला की मिश्रण लवकर जळतं.

५) पेट्रोल : जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जास्त दाब सोसतं, त्यामुळं ॲडव्हान्सला थोडी जागा मिळते. पण इंजिनाला गरज नसेल तर महाग पेट्रोल टाकून पिकअप वाढत नाही.

नॉकिंग ओळखा

ठिणगी फार लवकर पडली की उरलेलं मिश्रण दाबानं आपोआप पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर किंवा लोड असताना खडखड, टिकटिक असा आवाज येतो. हे चालूच राहिलं तर रिंगा तुटतात, पिस्टनला भोकही पडतं. उलट टायमिंग फार रिटार्ड असेल तर गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतो आणि सायलेन्सर जादा तापतो.

काय काळजी घ्यावी?

आताच्या गाड्यांत ईसीयू नॉक सेन्सरचं ऐकून टायमिंग स्वतः मागे-पुढे करतो. रिमॅप करणारे हीच राखून ठेवलेली जागा वापरतात. वॉरंटीतल्या गाडीचा रिमॅप केला तर कंपनी क्लेम नाकारू शकते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल टाकावं, प्लग त्याच नंबरचा बसवावा. जुनी टर्बो गाडी घेताना रिमॅप झालाय का, हे आधी विचारावं आणि चढावर चालवून आवाज ऐकावा.