उन्हाच्या तिरिपेचं कुळ

हिवाळ्यात ठाण्याच्या नौपाड्यावर ऊन येतं ते पारसिकच्या डोंगरावरून, खाडी आणि रेल्वेचे रूळ ओलांडून. गोखले रोडच्या दोन इमारतींमधल्या बोळात ते शिरतं तेव्हा झाडूवाल्यांचं काम नुकतंच उरकलेलं असतं आणि बोळात उन्हाचा एक तिरका पट्टा उभा राहतो. कचराळी तलावाला फेऱ्या घालणारे थबकतात, मोबाइल वर करतात. रविवारी येऊरला जाणारे हाच फोटो सागाच्या झाडांमध्ये काढतात. पावसाळा सरल्यावर सकाळच्या धुक्याने हवा जड असताना खोडाआडून किरणांचा पंखा उघडतो. ठाण्यात कॅमेरा बाळगणाऱ्या कोणाकडेही असा एक तरी फोटो सापडतोच. या फोटोचं कुळ शोधू लागलं की कॅमेऱ्यापेक्षा हवेबद्दलच जास्त कळतं.

कारण किरण बाजूने दिसत नाही. प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरला तरच दिसतो. शेजारून सरळ निघून जाणारा प्रकाश आपल्यापुरता अंधारच. त्याच्या वाटेत काहीतरी आडवं यावं लागतं: धूळ, धूर, पाण्याचे थेंब. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने 1857 साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रावणातून प्रकाशाचा झोत सोडला आणि त्याची वाट उजळलेली पाहिली. पुढे तिथेच जॉन टिंडलने हा धागा हवेपर्यंत नेला. अंधाऱ्या खोलीत त्याने प्रखर झोत सोडला आणि झोताखाली ज्योत धरली. ज्योतीच्या वर झोतात काळे लोट उठले. पाहणाऱ्याला तो धूर वाटावा. प्रत्यक्षात ती धूळ जळून स्वच्छ झालेली हवा होती. धूळ गेली तसा किरणही गेला. 1870 च्या जानेवारीत धूळ आणि रोग या विषयावर दिलेल्या व्याख्यानात टिंडलने लंडनच्या प्रतिष्ठितांना ते रोज काय श्वासात घेतात हेच या झोतातून दाखवलं. आज आपण ज्याला टिंडल परिणाम म्हणतो, त्याच्या पोटात असं आरोग्यशास्त्र आहे.

1908 मध्ये गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने गोलाकार कणांमुळे प्रकाश कसा विखुरतो याचं गणित मांडलं. धुक्याच्या थेंबाएवढे कण प्रकाशाचा मोठा वाटा पुढच्याच दिशेला फेकतात. म्हणून सूर्य पाठीशी ठेवला तर किरण फिके पडतात आणि सूर्याकडे तोंड केलं की उजळतात. सूर्य नेमका खोडाआड लपवून कॅमेरा त्याच्या रोखाने धरायचा, ही छायाचित्रकारांची जुनी खूण या गणितात बसते.

किरण पंख्यासारखे फाकलेले दिसतात, हा मात्र डोळ्यांचा खेळ. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण इथे जवळपास समांतर पोचतात. ठाणे स्थानकाच्या पुलावरून पाहताना रूळ लांबवर एकमेकांना भेटल्यासारखे दिसतात, तसंच हे. येऊरमागे सूर्य मावळताना ढगांतून निघालेले किरण कधी डोक्यावरून पलीकडे जाऊन पूर्वेला पारसिकच्या बाजूला पुन्हा एकवटताना दिसतात. तेव्हा पश्चिमेकडे रोखलेले सगळे कॅमेरे एकीकडे आणि खरा दुर्मीळ फोटो पाठीमागे, अशी गंमत होते.

आपल्या मुलखात धुक्यातल्या प्रकाशखेळाची शास्त्रीय नोंद कॅमेऱ्याच्या आधीची आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स यांनी 1835 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावर निबंध लिहिला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन त्यात आहे. पाठीशी सूर्य, समोर कोकणातून कड्याच्या काठापर्यंत चढलेलं धुकं आणि रंगीत वर्तुळाच्या मध्यभागी त्यांची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. आज गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. त्या कड्याच्या पायथ्याशी असलेलं बेलपाडा मुरबाड तालुक्यात येतं, म्हणजे ते धुकं ठाणे जिल्ह्यातूनच वर चढतं. साइक्स यांच्याकडे कॅमेरा नव्हता; छायाचित्रणाचं दागेरचं तंत्र जगापुढे आलं 1839 मध्ये.

कॅमेरा आला तरी किरण लगेच हाती लागला नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावल्यानंतरच्या वर्षीच. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. तेव्हा ओल्या कलोडियनच्या काचा वापरात येत होत्या. काचेवर द्रावण ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी काच धुवायची. हे द्रावण मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. जमिनीवरची झाडं नीट उमटेपर्यंत निळं आकाश जळून पांढरं होई. म्हणूनच त्या काळातल्या बहुतेक निसर्गचित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखं असतं. जिथे ढग टिकत नाहीत तिथे ढगांतून उतरणारा किरण कसा टिकणार?

त्यावर तोड काढली ती पॅरिसच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने. 1856-57 मध्ये त्याने समुद्राचे फोटो काढले. त्यांपैकी कित्येकांसाठी त्याने आकाशाची एक आणि पाण्याची एक, अशा दोन वेगळ्या काचा घेतल्या आणि क्षितिजरेषेवर जुळवून एकाच कागदावर छापल्या. ढगांमागचा सूर्य आणि पाण्यावरची चमक एकत्र पाहून लोक थक्क झाले. प्रकाशाच्या नाट्याचे हे गाजलेले सुरुवातीचे फोटो असे जोडकामातून जन्मले. फोटोत लबाडी करायची नाही म्हणणाऱ्यांनी हा पूर्वज लक्षात ठेवावा.

1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला आढळलं की द्रावणात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागी होते. 1906 पासून इंग्लंडमध्ये सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा विकत मिळू लागल्या. भिंगापुढे पिवळी काच लावली की आकाश गडद होई आणि ढग उठून दिसत. 1940 च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची विभागणी करून उजेड मोजण्याची शिस्त घालून दिली. तेव्हापासून किरण पकडणं नशिबापेक्षा हिशेबाचं काम झालं.

या कुळातला आपल्याला सर्वांत जवळचा किरण मात्र रानातला नाही, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतला आहे. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (1959) साठी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांना छतातून उतरणारा सूर्यकिरण हवा होता. स्टुडिओतल्या दिव्याचा झोत पुढे जाता जाता फाकतो. सूर्याचा झोत सरळ उतरतो. मूर्तींनी सूर्यच आत आणला: एका मोठ्या आरशाने बाहेरचं ऊन वळवलं, आतल्या दुसऱ्या आरशाने ते खाली सोडलं. त्या उजळ स्तंभात उभे असलेले गुरुदत्त आणि वहिदा रेहमान आजही छायालेखन शिकवताना दाखवले जातात. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले मूर्ती हे पहिले छायालेखक.

असा स्तंभ कौलारू घरांत फुकट मिळत असे. फुटक्या कौलातून कवडसा उतरायचा आणि चुलीचा धूर त्याला अंग द्यायचा. नौपाड्यातली तशी घरं जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या आणि किरण घरातून रस्त्यावर आला.

आजचा मोबाइल एका दाबात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन एक करतो. ल ग्रेच्या दोन काचांचाच हा पणतू. 2015 पासून फोटो सुधारण्याच्या नामांकित सॉफ्टवेअरमध्ये धुकटपणा कमी-जास्त करणारी कळ आहे. आता तर नसलेला किरणही चिकटवता येतो. ज्यांना असलेला हवा आहे त्यांच्यासाठी सूत्र सोपं आहे: मागची बाजू गडद निवडा, उजेड किरणावर मोजा, सावल्या काळ्या राहू द्या आणि भिंगावर थेट ऊन पडू देऊ नका.

फोटोत किरण ठळक उमटला म्हणजे हवेत काहीतरी तरंगत होतं, हे टिंडलने शिकवलं. येऊरच्या सकाळी ते धुकं असतं. नौपाड्याच्या बोळात ते बहुधा बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर किंवा कोपऱ्यावर पेटवलेला पाचोळा असतो. सुंदर किरणांची सकाळ ही दम्याच्या रुग्णासाठी वाईट सकाळ असू शकते. म्हणून फोटोखाली तारीख आणि वेळ लिहिता तसं धुकं की धूर हेही लिहा. वीस वर्षांनी तो फोटो शहराच्या हवेची नोंद ठरेल. आणि किरण उठून दिसावेत म्हणून येऊरच्या रानात पाचोळा पेटवू नका, धुराच्या नळकांड्या फोडू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि उन्हाळ्यात तिथे वणव्याला एक ठिणगी पुरते. धुकं नसेल त्या दिवशी फोटो न काढता परत या.