पांजरपोळ : दयेचा जमाखर्च

दया ही मनाची वृत्ति खरी. परंतु तिचा संसार चालवावयास चारा, पाणी, जागा आणि पैसा लागतो. मुंबईच्या भुलेश्वर भागांतील पांजरपोळाचा इतिहास म्हणजे या संसाराचाच इतिहास होय.

दुबळ्या जनावरांस आश्रय देण्याची चाल गुजराथेंत फार जुनी. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्यें खंबायतेस आला, तेव्हां पक्ष्यांसाठीं व गुराढोरांसाठीं चालविलेलीं धर्मार्थ रुग्णालयें त्यानें पाहिलीं आणि त्यांचें वर्णन लिहून ठेविलें. पुढें गुजराथी व्यापारी मुंबईस वसले, त्यांच्याबरोबर ही चालही आली. तिला तेथें मोठ्या संस्थेचें रूप मात्र एका दंग्यानंतर आलें.

मोकाट कुत्रीं ठराविक दिवसांत मारण्याचा नियम मुंबईंत होता व प्रत्येक कुत्र्यामागें शिपायांस बक्षीस मिळे. १८३२ च्या जून महिन्यांत या बक्षिसाच्या लोभानें पाळीव कुत्र्यांवरही गदा आली. पारशी धर्मांत कुत्र्यास पावित्र्य आहे. जैन व वैष्णव यांस तर जीवहत्याच असह्य. दुकानें बंद पडलीं, कुलाब्याच्या छावणीची रसद अडविली गेली आणि अखेर लष्कर बोलवावें लागलें.

दंगा शमला, पण प्रश्न उरला. कुत्रीं मारावयाचीं नाहींत, तर ठेवावयाचीं कोठें? सरकारास दोष देऊन याचें उत्तर मिळणार नव्हतें. १८३४ मध्यें पारशी पुढारी जमशेटजी जिजीभाई व जैन सावकार मोतीशा शेट यांनीं पुढाकार घेऊन पांजरपोळ स्थापिला. वर्गणीवरच सर्व भिस्त न ठेवतां व्यापाऱ्यांनीं कापूस, साखर इत्यादि मालावर स्वखुशीनें लाग बसवून घेतली. मालाची उलाढाल होई, तसा चाऱ्याचा पैसा जमे.

कुत्र्यांच्या निमित्तानें निघालेल्या या घरांत पुढें गाईबैलांचाच भरणा झाला. हें साहजिकच होतें. कुत्रें उष्ट्यावर जगतें. काम सरलेला बैल मात्र धन्यास रोज खर्चांत घालतो.

या संस्थांवर टीकाही झाली. जमशेटजींच्याच नांवाच्या मुंबईच्या कलाशाळेंत पूर्वीं शिकविलेले जॉन लॉकवुड किप्लिंग यांनीं १८९१ च्या आपल्या ग्रंथांत पांजरपोळांतील जनावरांच्या हालांवर बोट ठेविलें. न मारणें म्हणजेच दया काय, हा प्रश्न १९२८ मध्यें अधिक तीव्र झाला. साबरमती आश्रमांतील एका वासराच्या असाध्य यातना पाहून गांधीजींनीं त्यास इंजेक्शन देववून मरण दिलें आणि गुजराथेंत मोठें वादळ उठलें. हा वाद अजूनही मिटलेला नाहीं. परंतु जीव राखला म्हणजे त्याच्या दुःखाची जबाबदारीही आली, एवढें त्यानें स्पष्ट केलें.

भुलेश्वरचा पांजरपोळ आजही उभा आहे. येणारा भाविक गाईपुढें मूठभर चारा टाकतो व पुण्य जोडून घरीं जातो. दावणीवरच्या जनावरास मात्र दुसऱ्या दिवशींही भूक लागते. त्या दुसऱ्या दिवसाची तरतूद १८३४ च्या व्यापाऱ्यांनीं केली, हेंच त्यांचें खरें पुण्य.