घरचा निबंध आणि चॅटजीपीटी

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि घरून निबंध लिहून आणण्याची अमेरिकी शाळांतली जुनी प्रथा काही आठवड्यांतच डळमळली. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी आपल्या नेटवर्कवर त्याला बंदी घातली. मुलांच्या खिशातल्या फोनवर ते चालूच राहिले. मे महिन्यात बंदी उठली. भीतीपोटी या साधनाच्या उपयोगाकडे दुर्लक्ष झाले, असे शिक्षणप्रमुख डेव्हिड बँक्स यांनी मान्य केले.

यंत्राचे लेखन पकडणाऱ्या प्रणालींनी जास्त नुकसान केले. ओपनएआयने स्वतःची अशी प्रणाली पुरेशी अचूक नसल्याने जुलै २०२३ मध्ये बंद केली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे ९१ निबंध अशा सात प्रणालींकडून तपासून घेतले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे ठरले. शब्द साधे होते, एवढाच त्यांचा दोष. पुण्या-नागपुराहून तिकडे शिकायला जाणाऱ्यांवरही हा अन्याय होऊ शकतो.

प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार, शाळेच्या कामासाठी चॅटजीपीटी वापरलेली १३ ते १७ वयाची मुले २०२३ मध्ये १३ टक्के होती, तर २०२४ मध्ये २६ टक्के. नव्या विषयाची माहिती काढायला ते वापरणे ५४ टक्क्यांना योग्य वाटले. निबंध लिहून घेणे फक्त १८ टक्क्यांना. मर्यादेची ही जाण मुलांना होतीच.

दरम्यान, अनेक शिक्षकांनी वर्गातच हाताने निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली. काहींनी त्यावर तोंडी प्रश्नही विचारले.